वाचणारे मूल, ऐकणारे घर

‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एप्रिल १९५६मध्ये एक प्रस्तावना लिहिली. ग्रंथ त्यांच्या निधनानंतर, १९५७ साली प्रसिद्ध झाला, पण ती प्रस्तावना त्यात छापली गेली नाही; वाचकांपर्यंत ती पुढे पुष्कळ वर्षांनी पोचली. आपण बुद्धाकडे कसे वळलो हे सांगताना बाबासाहेब तिच्यात लहानपणीच्या घराविषयी थोडे लिहितात. वडील सुभेदार रामजी सकपाळ हे सैन्यातले, शिस्तीचे आणि धार्मिक वृत्तीचे कबीरपंथी गृहस्थ. आपल्या दोन मुलांना त्यांनी एक काम सक्तीने नेमून दिले होते. रोज रात्री निजण्यापूर्वी त्यांनी महाभारताचा किंवा रामायणाचा काही भाग मोठ्याने वाचायचा. ऐकायला बहिणी असत आणि कथा ऐकण्यासाठी घरी जमलेली इतर मंडळी असत. हा क्रम अनेक वर्षे चालला.

या तपशिलावरून आपण सहसा पुढे निघून जातो, कारण प्रस्तावनेतला महत्त्वाचा भाग त्यानंतर येतो. मला मात्र तिथेच थांबावेसे वाटते. ‘मूल झोपण्यापूर्वी त्याला पुस्तक वाचून दाखवा’ हा सल्ला आज बालवाडीच्या प्रत्येक पालकसभेत ऐकू येतो. रामजींच्या घरात निजण्याआधी वाचन होते आणि रोज होते. फक्त भूमिका उलट होत्या. वाचणारे मूल होते आणि ऐकणारे घर होते.

आपल्याकडच्या घरगुती वाचनाच्या इतिहासात ही उलटापालट अपवादाची नव्हती, असे जुनी चरित्रे, आत्मकथने आणि मासिकांच्या फायली चाळताना मला दिसू लागले. शिक्षणशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. जे वाचायला मिळाले ते एकापुढे एक मांडून पाहण्याची सवय तेवढी आहे. त्या मांडणीतून मराठी घरात लहान मूल आणि छापील अक्षर यांची गाठ कशी पडत गेली, हे सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

अक्षर बाहेर, गोष्ट आत

फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या दोन अभ्यासकांनी १९८६ साली वाचनाविषयी एक साधे सूत्र मांडले. अक्षरे सोडवता येणे आणि ऐकलेली भाषा समजणे, या दोन गोष्टींचा गुणाकार म्हणजे वाचन. त्यांनी बेरीज म्हटले नाही, गुणाकार म्हटले. दोहोंपैकी एक शून्य असेल तर उत्तरही शून्य. अक्षरे खडाखडा म्हणणारे पण अर्थ न लागणारे मूल वाचत नाही आणि गोष्ट तोंडपाठ असलेले पण अक्षर न ओळखणारे मूलही वाचत नाही.

हे सूत्र हाताशी धरून जुन्या मराठी घराकडे पाहिले, की गुणाकारातल्या दोन संख्या वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेल्या दिसतात. अक्षर पंतोजींच्या शाळेत होते. लाकडी पाटीवर धूळ पसरायची, टोकदार काडीने तिच्यावर अक्षर काढायचे, हात फिरवून पुसायचे आणि पुन्हा काढायचे. आरंभी ‘ॐ नमः सिद्धम्’ लिहायचे. त्यावरूनच ‘ओनामा’ हा शब्द रूढ झाला. मग मुळाक्षरे, बाराखडी, पाढे, पावकी-निमकी. सगळे मोठ्या आवाजात, एका सुरात. संध्याकाळी दिवेलागणीला घरी परवचा व्हायचा, तोही पाठांतराचाच.

त्यात लिपीचा एक पेच होता. व्यवहाराची लिपी मोडी. हिशेब, पत्रे, कागदपत्रे मोडीत होत आणि शाळेत मुलाचा हात बसवायचा तो मुख्यतः मोडीवर. पोथ्या मात्र बालबोधीत, म्हणजे देवनागरीत. म्हणजे ज्या लिपीत रोजगार होता तिच्यात गोष्ट नव्हती आणि जिच्यात गोष्ट होती ती पोटापाण्याला फारशी उपयोगाची नव्हती. मुलांना कळणारी म्हणून जिचे नाव बालबोध, तिचा मुलांशी संबंध असा दुरूनच यायचा. शाळांमधून मोडी पुरती हटायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडला.

दुसरी संख्या, ऐकून समजण्याची, घरात होती आणि तिथे ती भरपूर होती. श्रावणातल्या कहाण्या, आजीच्या गोष्टी, उखाणे, कोडी, म्हणी आणि जात्यावरच्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ यांनी पुढे खेडोपाडी फिरून या ओव्या गोळा केल्या, तेव्हा त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. पहाटे जात्याजवळ पेंगत बसलेल्या मुलाच्या कानावर यमक, ठेका, शब्दांची वळणे आणि नात्यागोत्याचा सगळा संसार पडत होता. आज ज्याला ध्वनींची जाण म्हणतात, म्हणजे शब्दाचे तुकडे कानाला वेगळे कळणे, तिची ही रोजची तालीम होती. गाणारी बाई बहुतेक निरक्षर असे. तिच्याकडे भाषेचा साठा होता, अक्षर नव्हते.

या दोन संख्या एकत्र येत त्या पोथीच्या वाचनात. श्रीधरस्वामींचे ‘हरिविजय’, ‘पांडवप्रताप’, ‘शिवलीलामृत’ हे अठराव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतले ग्रंथ. एकोणिसाव्या शतकात गणपत कृष्णाजींच्या आणि मागाहून जावजी दादाजींच्या निर्णयसागरसारख्या छापखान्यांमुळे पोथी स्वस्त झाली आणि अधिक घरांत पोचली. पण वाचनाची रीत तीच राहिली. एकाने वाचायचे, दहांनी ऐकायचे. ‘वाचणे’ हा शब्द ज्या ‘वच्’ धातूतून आला, त्याचा अर्थच बोलणे. घरात नुकतेच अक्षर शिकलेले मूल असले, की वाचायला पुष्कळदा त्यालाच बसवत. त्याला अडचण पडे ती अक्षराची. कथा आधीच ऐकून पाठ असे. वाचताना शब्द चुकला तर निरक्षर आजीला तो कळायचा, कारण तो तिच्या कानात होता. मूल तिला अक्षर पुरवत होते आणि ती मुलाला अर्थ पुरवत होती. गुणाकार दोघांत मिळून पुरा होत होता.

बाळमित्राचे वय

मराठीत मुलांसाठी छापील पुस्तके पुष्कळ लवकर आली. तंजावरला सरफोजीराजांच्या आश्रयाने इसापाच्या गोष्टी ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने १८०६ साली छापल्या गेल्या. मुंबईत सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे यांचे ‘बाळमित्र’ आणि ‘इसापनीती’ १८२८मध्ये निघाले. ‘बाळमित्र’ हे आर्नो बेर्कँ या फ्रेंच लेखकाच्या मुलांसाठीच्या लेखनावरून, इंग्रजीमार्गे आलेले. मुलाचा मित्र होऊ पाहणारे पुस्तक ही कल्पना आपल्याकडे तशी नवी होती.

नियतकालिकांत विनायक कोंडदेव ओकांचे ‘बालबोध’ १८८१ साली सुरू झाले आणि १९१४मध्ये ओकांचे निधन होईपर्यंत त्यांनी ते चालवले. चारशेच्या वर अंक. प्रत्येक अंकात एक चरित्र, एक कविता, एक निबंध, एक शास्त्रीय विषय, वर किरकोळ माहिती आणि जवळजवळ सगळे एकट्याने लिहिलेले. १९०६मध्ये वासुदेव गोविंद आपट्यांचे ‘आनंद’ निघाले आणि मुलांच्या मासिकाला करमणुकीचे मोकळे वारे लागले.

या सगळ्या पुस्तकांत आणि मासिकांत एक गोष्ट समान आहे. ती आठ-दहा वर्षांच्या पुढच्या, वाचायला आलेल्या मुलासाठी लिहिलेली आहेत. तीन-चार वर्षांचे, कुणाच्या तरी मांडीवर बसून पाने उलटणारे मूल त्यांच्या मनात नाही. याचे कारण लेखकांची अनास्था नव्हे. त्या वयाचे मूल बायकांच्या राज्यात होते आणि त्या राज्यात पुस्तकाला प्रवेश नव्हता. मांडीवरच्या मुलासाठी पुस्तक काढायचे तर ज्या मांडीवर ते बसले आहे तिला वाचता यायला हवे.

मांडीला अक्षर

त्या मांडीपर्यंत अक्षर कसे गेले, याची काही घरे आपल्याला तपशिलात माहीत आहेत.

पहिले घर अनंतशास्त्री डोंगऱ्यांचे. त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले. समाजाला ते रुचले नाही. शास्त्रीबुवांनी सह्याद्रीतल्या गंगामूळच्या अरण्यात बिऱ्हाड केले. तिथे १८५८ साली रमाबाई जन्मल्या, पुढे पंडिता झालेल्या. वडील तोवर वृद्ध झाले होते. मुलीला शिकवले ते आईने. घरात विद्यार्थी, अतिथी, कामाचा डोंगर. आईला मोकळी वेळ मिळे ती पहाटेची. निजलेल्या मुलीला हळूच उठवून ती संथा द्यायची. नवऱ्याने बायकोला शिकवले आणि बायकोने मुलीला, अशी दोन पायऱ्यांची ही साखळी आहे. मुलीच्या विद्वत्तेचे श्रेय सहसा पहिल्या पायरीला मिळते. रोजची पहाट मात्र दुसरीची होती.

दुसरे घर न्यायमूर्ती रानड्यांचे. १८७३च्या अखेरीस लग्न होऊन आलेल्या अकरा वर्षांच्या रमाबाईंना अक्षरओळख नव्हती. रानड्यांनी घरी शिकवायला सुरुवात केली. ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या १९१०च्या पुस्तकात रमाबाईंनी या शिक्षणाची हकिगत लिहिली आहे, तशीच घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी धरलेल्या रागाचीही. वाचणारी सून म्हणजे घरच्या शिस्तीला लागलेली कीड, असा तो राग होता. पुढे रमाबाई पतीला वाचून दाखवू लागल्या. इथेही आधी शिकणारा हात, मग वाचून दाखवणारा आवाज.

काशीबाई कानिटकर लग्नानंतरच वाचायला शिकल्या आणि मराठीतल्या आरंभीच्या स्त्री-कादंबरीकारांत गणल्या गेल्या. लक्ष्मीबाई टिळकांचे शिक्षण तर संसाराच्या ओढाताणीत, तुटक तुटक झाले आणि त्याच बाईंनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. सावित्रीबाई फुल्यांना जोतीरावांनी शिकवले आणि १८४८मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली. या सर्व हकिगतींत घरातले पहिले विद्यार्थी मूल नव्हतेच. ती मुलाची आई होती, किंवा होणारी आई होती. लहान मुलाला घरी वाचून दाखवण्याच्या प्रथेचा इतिहास लिहायचा तर तो मुलांपासून सुरू होत नाही, स्त्रीशिक्षणापासून सुरू होतो.

पण ही घरे हाताच्या बोटांवर मोजण्यासारखी. १९५१च्या जनगणनेत देशातल्या स्त्रियांची साक्षरता ८.८६ टक्के होती, म्हणजे शंभरात नऊही नाहीत. साखळी सुरू झाल्याला शंभर वर्षे उलटली तरी बहुतेक मुलांच्या वाट्याला अक्षरवाली मांडी आलेली नव्हती.

रामजींच्या घरातला प्रश्न

आता पुन्हा रामजी सुभेदारांच्या घराकडे. हे घर वर सांगितलेल्या घरांपेक्षा वेगळे होते. अस्पृश्य मानलेल्या जातीत जन्मलेल्या माणसाकडे अक्षर आले ते लष्कराच्या छावणीतून. कंपनीच्या काळापासून देशी शिपायांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी पलटणीत शाळा असत. रामजी अशाच व्यवस्थेत शिकले आणि लष्करी शाळेत मुख्याध्यापक झाले. १८९२च्या सुमारास सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. नोकरीचे दार लागले, तसे पलटणीच्या शाळेचेही लागले. त्या बंदीविरुद्ध अर्ज करण्यासाठी रामजींनी न्यायमूर्ती रानड्यांची मदत घेतली, असे बाबासाहेबांचे चरित्रकार धनंजय कीर सांगतात. आपण नुकती पाहिलेली दोन घरे या एका अर्जाच्या कागदावर क्षणभर जवळ येतात.

बाबासाहेब पाच वर्षांचे असताना, १८९६मध्ये, आई भीमाबाई गेल्या. मागे निवृत्त वडील, आत्या, भावंडे. पुढे परळच्या चाळीत लहानशा खोलीत बिऱ्हाड. मुलाला अभ्यासाला निवांतपणा मिळावा म्हणून वडील त्याला पहाटे दोनला उठवत. नवे पुस्तक हवे म्हटले आणि हाती पैसे नसले, की लग्न झालेल्या लेकींकडे जाऊन त्यांचा एखादा दागिना मागून आणत, तो गहाण टाकत आणि पुस्तक आणत. भावाच्या पुस्तकासाठी दागिना काढून देणाऱ्या या बहिणीही घरातल्या वाचनाचा भाग होत्या. वाचन एकट्याचे नव्हते. त्याची किंमतही एकट्याने दिलेली नव्हती.

प्रस्तावनेतला पुढचा प्रसंग मला सर्वांत मोलाचा वाटतो. थोडे मोठे झाल्यावर बाबासाहेबांनी वडिलांना विचारले, की ब्राह्मण-क्षत्रियांचा मोठेपणा सांगणारे आणि शूद्र-अस्पृश्यांची हीनता पुन्हा पुन्हा दाखवणारे हे ग्रंथ आम्ही का वाचावेत? वडिलांना प्रश्न आवडला नाही. असले खुळे प्रश्न विचारू नयेत असे ते प्रथम म्हणाले. पण पुढे एकदा त्यांनी उत्तर दिले. आपण अस्पृश्य, तेव्हा तुमच्या मनात न्यूनगंड येण्याचा संभव आहे. तो जावा म्हणून हे वाचायचे. द्रोण पाहा, कर्ण पाहा, लहान स्थितीतून ते कुठवर गेले. वाल्मीकी कोळी असून रामायणाचा कर्ता झाला. मुलाचे समाधान झाले नाही. महाभारतातली एकही व्यक्ती त्याला आपलीशी वाटेना आणि तसे त्याने बोलून दाखवले. कृष्णराव अर्जुन केळूसकरांनी आपले बुद्धचरित्र त्याला या प्रश्नाआधीच भेट दिले होते.

या प्रसंगाचे वैचारिक मोल सर्वांना ठाऊक आहे. घरगुती वाचनाच्या अंगाने त्यात आणखी काही दिसते. रोज मोठ्याने वाचायला लावल्यामुळे मुलाला मजकूर नीट कळला आणि कळला म्हणून तो खुपला. खुपलेले विचारण्याजोगा माणूस घरात होता. त्याने आधी दटावले, तरी नंतर उत्तर दिले. उत्तर पटले नाही, तेही सांगता आले. वाचनाने आज्ञाधारक मूल घडते, असे आपण गृहीत धरतो. रामजींच्या घरात वाचनाने मतभेद करणारे मूल घडले. पोथीवर प्रश्न करण्याची ताकद त्याला पोथी वाचूनच आली.

अंगणापर्यंत आलेली शाळा

पण ज्या घरात वाचून दाखवणारेही कुणी नाही आणि वाचणारे मूलही नाही, तिथे काय? या प्रश्नाला राज्यकर्त्यांनी दिलेली काही उत्तरे चांगली होती. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९०६मध्ये संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले. १९१०मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून वाचनालयांचे जाळे विणले. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी वेगळे दालन काढले आणि पुस्तकांच्या फिरत्या पेट्या खेड्यांत पाठवल्या. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. शाळेत गेलेले मूल घरात अक्षर घेऊन येईल, मग घर ऐकेल, हा हिशेब त्यामागे धरता येतो.

शाळेआधीच्या वयाकडे नीट पाहिले ते ताराबाई मोडकांनी. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून, १९२६मध्ये नूतन बालशिक्षण संघाची पायाभरणी करून त्या पुढे मुंबईला आणि तिथून १९४५मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला आल्या. अनुताई वाघ तिथे त्यांच्याबरोबर होत्या. माँटेसरीची महागडी साधने खेड्यात परवडणारी नव्हती. शंख-शिंपले, बिया, पाने, दगड यांवर त्यांनी ती बेतली. शाळेत मुले येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी वस्तीतल्या अंगणातच मुले जमवली. ‘अंगणवाडी’ हा शब्द या कामातून आला आणि १९७५मध्ये केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली तेव्हा तो देशभर गेला. १९५७मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे आदिवासी मुले गुरे राखायला जात, म्हणून कुरणावरच शाळा भरवली, तीच कुरणशाळा.

या कामात एक अडचण सतत पुढे येते, ती आजही सुटलेली नाही. वारली मुलाच्या घरची बोली एक आणि पुस्तकाची मराठी दुसरी. गॉफ-टनमरच्या भाषेत सांगायचे तर या मुलाची ऐकून समजण्याची संख्या मोठी असते, पण ती वेगळ्या चलनात असते. तिचे मोल पुस्तकाच्या दुकानात मिळत नाही. अशा मुलाला अक्षर शिकवण्याआधी त्याच्या घरची गाणी, घरच्या वस्तू, घरचे शब्द वर्गात यावे लागतात. नाहीतर शून्याने गुणल्यासारखे होते आणि शून्य मुलाच्या नावावर लिहिले जाते.

शाळेनंतरच्या काळाचे एक चित्र बेबीताई कांबळ्यांचे आहे. फलटणला त्या छोटे किराणा दुकान चालवत. माल बांधायला रद्दी यायची. ती रद्दी त्या वाचत आणि त्यातून वाचनाची, मग लिहिण्याची गोडी लागली. लिहिलेले त्या घरच्यांपासून लपवून ठेवत. ‘जिणं आमुचं’ १९८६मध्ये पुस्तकरूपाने आले. रमाबाई रानड्यांना घरातल्या बायकांचा रोष सोसावा लागला, त्याला शंभर वर्षे होऊन गेल्यावरही वाचणाऱ्या बाईला घरात आडोसा शोधावा लागत होता. घर म्हटले की वाचनाला पोषक, असे समजण्याचे कारण नाही. कित्येक मुलांसाठी आणि त्यांच्या आयांसाठी घर हाच पहिला अडथळा होता.

आजचा सल्ला

मुलांना मोठ्याने वाचून दाखवण्याच्या सल्ल्याला जगभर जोर आला तो अमेरिकेत १९८५मध्ये निघालेल्या एका शासकीय अहवालानंतर. वाचनाच्या यशासाठी सर्वांत महत्त्वाची एकच गोष्ट सांगायची तर ती म्हणजे मुलांना वाचून दाखवणे, असा त्याचा निष्कर्ष होता. सल्ला चांगलाच आहे. मराठीतही आता त्याला साजेशी पुस्तके आहेत. १९७१पासून ‘किशोर’ आहे. सोव्हिएत काळात मॉस्कोहून मराठीत आलेली सुंदर, स्वस्त चित्रपुस्तके अनेकांच्या स्मरणात असतील. माधुरी पुरंदऱ्यांसारख्या लेखिका-चित्रकर्तीने मराठी घर, मराठी अंगण आणि मराठी बोलणे चित्रपुस्तकात आणले.

प्रश्न सल्ल्यातल्या गृहीताचा आहे. त्यात साक्षर, वेळ असलेली आणि पुस्तके विकत घेऊ शकणारी आई धरलेली असते. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या स्त्रियांची साक्षरता सुमारे ७६ टक्के होती. उरलेल्या चोवीस टक्क्यांतल्या बाईने, किंवा चौथीनंतर शाळा सुटून अक्षर विसरत चाललेल्या बाईने, पालकसभेत हा सल्ला ऐकून काय समजायचे? आपल्याला काही करता येणार नाही, हेच ती समजते. मग ती मुलाच्या पुस्तकापासून दूर सरकते आणि तिच्याजवळचा भाषेचा साठाही तिच्याबरोबर दूर जातो. हे नुकसान कुठल्या परीक्षेत मोजले जात नाही.

आपला इतिहास या बाईला वेगळे काही सांगू शकतो. पोथीपुढे बसलेली आजी वाचत नव्हती, पण वाचनात होती. रामजींच्या घरातल्या बहिणी श्रोत्या होत्या. त्यांच्याखेरीज ते वाचन झालेच नसते. नुकते वाचू लागलेले मूल अडखळते. देवनागरीत तर अडखळण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली वेलांटी लिहिली जाते आधी आणि उच्चारली जाते नंतर. जोडाक्षरात एक अक्षर दुसऱ्याच्या अंगात शिरते. ‘र’ तर कधी डोक्यावर बसतो, कधी पायाशी जातो. त्या जागी मुलाला सर्वांत जास्त गरज असते ती घाई न करता ऐकणाऱ्या माणसाची, ‘मग पुढं काय झालं?’ असे विचारणाऱ्याची. हे विचारायला अक्षर यावे लागत नाही. वाचलेली गोष्ट मुलाकडून आपल्या बोलीत पुन्हा सांगून घ्यायला, ‘आमच्या गावात असं नव्हतं बाई’ म्हणून आपली गोष्ट तिच्याशेजारी ठेवायलाही अक्षर लागत नाही.

अलीकडे शाळापूर्वतयारीच्या उपक्रमांत गावोगावी मातांचे गट होऊ लागले आहेत. त्यांत कमी शिकलेल्या आयाही मुलांबरोबर खेळ, गाणी, गोष्टी करतात. हे पाऊल योग्य दिशेचे आहे, कारण त्यात आईकडे काय नाही यापेक्षा काय आहे हे आधी पाहिले जाते. या कामाला परंपरेचा आधार हवा असेल तर तो परदेशी अहवालात शोधण्याची गरज नाही. तो धूळपाटीच्या काळापासून आपल्याकडे आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. मुलाने घराला वाचून दाखवण्याची रीत आपल्याकडे होती म्हणून आयांच्या शिक्षणाची निकड कमी होत नाही. लक्ष्मीबाई डोंगऱ्यांना आधी कुणीतरी शिकवले, म्हणून पहाटेची संथा झाली. ऐकणारी आई आज जे देते ते अनमोल आहे, पण वाचणारी आई होण्याचा तिचा हक्क त्यामुळे भागत नाही. उलट मुलाचे वाचन रोज ऐकता ऐकता एखाद्या आईचे बोट आपोआप ओळीखाली फिरू लागते. तिथून तिच्या हातात पाटी देणे शाळेचे आणि समाजाचे काम आहे.

तोवर पालकसभेतला एक प्रश्न बदलून पाहावा. ‘घरी मुलाला कोण वाचून दाखवतं?’ असे विचारले की अर्धी सभा मान खाली घालते. ‘मूल घरी वाचतं ते कोण ऐकतं?’ असे विचारावे. या प्रश्नाला आजी हात वर करू शकते, रात्रपाळीहून आलेला बाप करू शकतो, भांडी घासता घासता कान देणारी आई करू शकते आणि शेजारच्या खोलीतली निरक्षर मावशीही करू शकते.